गेम्सची डिजिटल लायब्ररी: सेलमध्ये काय घेता, काय सोडता आणि घेतलेलं कसं सांभाळता?

संथवाट (धागाकर्ता)

मागच्या वर्षी एक पूर्ण दुपार काढून माझी सगळी लायब्ररी वहीत उतरवली. स्टीम, गॉग, एपिक ही ऑनलाइन दुकानं आणि बंडलांमधून (एकत्र विकलेल्या गेम्सच्या संचांतून) आलेल्या, अजून कुठेही न वापरलेल्या कीज, म्हणजे गेम खात्यात जोडायचे कोड. एकूण भरले ३४७ गेम. शेवटपर्यंत खेळलेले ६१. थोडाफार हात लावलेले दीडशेच्या आसपास. बाकीचे घेतल्या दिवसापासून तसेच पडून.

यादीवरून नजर फिरवताना एक गोष्ट लख्ख दिसली. पडून राहिलेल्यांपैकी बहुतेक सगळे ७५ टक्के किंवा त्याहून मोठ्या सवलतीत घेतलेले होते. आणि जे ६१ मी जीव लावून खेळलो, ते घेण्याआधी कित्येक महिने मनात घोळत होते. सवलत किती मोठी होती यावर काहीच ठरलं नव्हतं. तो गेम सेल नसतानाही मला हवा होता का, एवढ्यावरच सगळं ठरलं होतं.

तेव्हापासून खरेदीची रीत बदलली. वर्षभर पाळून पाहिली, म्हणून आता लिहितोय.

विशलिस्टमध्ये २१४ गेम होते, ते तीसवर आणले. प्रत्येक गेमसमोर 'हा मला का हवा आहे' याचं एक वाक्य लिहायचं. वाक्य सुचलं नाही तर गेम यादीतून बाहेर. 'सगळे छान म्हणतात' हे वाक्य चालत नाही. 'रात्री अर्धा तास मिळतो, त्यात एक डाव पूर्ण होईल असं काहीतरी हवंय' हे चालतं.

दुसरं म्हणजे किमतीचा आलेख वाचायला शिकलो. स्टीमडीबी किंवा इझ देअर एनी डील या साइटवर गेमचं पान उघडलं की आलेख समोर येतो. वरची सपाट रेघ म्हणजे मूळ किंमत. मधूनमधून खाली गेलेले खड्डे म्हणजे सेल. नव्या गेमचे खड्डे उथळ असतात, २० टक्के, २५ टक्के. वर्ष-दोन वर्षांत ते ३३, ५० असे खोल होत जातात आणि मग एका ठिकाणी तळ लागतो. तळ लागला की पुढच्या बहुतेक सेलमध्ये तोच आकडा परत येतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'फक्त आजचा दिवस' या पाटीचा धाक उरत नाही. स्टीमचे मोठे सेल वर्षाला चार, ऋतूंप्रमाणे. त्यांच्या अधेमधे प्रकाशकांचे आणि विशिष्ट प्रकारच्या गेम्सचे छोटे सेल चालूच असतात. पूर्वी त्या मोठ्या सेलमध्ये काही तासांपुरत्या जास्त सवलती निघायच्या, लोक गजर लावून बसायचे. २०१५ च्या अखेरीपासून ते बंद झालं. आता पहिल्या दिवशी जी किंमत दिसते तीच शेवटच्या दिवसापर्यंत राहते.

तिसरं, गेम घेतला की त्याच आठवड्यात दोन तासांची बैठक. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर रिफंड मिळतो. ही सोय जून २०१५ पासून आहे आणि मी ती कित्येक वर्षं वापरलीच नव्हती, कारण घेतलेला गेम मी दोन-दोन वर्षं उघडतच नव्हतो. आता घेतला की उघडतो. पाऊण तासात कळतं. नाही जमलं तर परत.

तुमची पद्धत काय आहे ते वाचायचंय. आणि सेलमध्ये हमखास घ्यावेत असे गेमही सुचवा, पण का घ्यावेत ते लिहा.

टाचण

धागा आवडला. विशलिस्टसमोर वाक्य लिहिण्याची कल्पना आजच उचलतेय.

आलेखाबद्दल एक भर. काही गेम्सचा आलेख पाहिला की नुसती सपाट रेघ दिसते, तिथे थांबण्यात काही अर्थ नसतो. सगळ्यात ठळक उदाहरण फॅक्टोरिओ, कारखाना उभारण्याचा गेम. सवलत देणार नाही हे त्यांनी आधीपासून सांगितलंय आणि ते पाळलंय. उलट जानेवारी २०२३ मध्ये किंमत वाढवली. मी त्याच्यासाठी तीन उन्हाळी सेल वाट पाहिली होती. आलेख आधी बघितला असता तर तीन वर्षं आधीच कारखाना उभा राहिला असता.

इझ देअर एनी डीलवर विशलिस्ट आयात करता येते आणि प्रत्येक गेमला आपला आकडा लावून ठेवता येतो. किंमत त्याखाली आली की मेल येते. त्या मेलशिवाय मी दुकानाच्या पहिल्या पानावर जातच नाही. पहिलं पान आपल्याला काय हवं होतं ते विसरायला लावतं.

आणि आवृत्त्या नीट बघा. मूळ गेम ७५ टक्के सवलतीत दिसतो, आपण खुशीत घेतो. मग कळतं की दोन मोठे डीएलसी (वेगळे विकले जाणारे जोडभाग) पूर्ण किमतीत आहेत आणि सगळं एकत्र असलेली आवृत्ती थोड्याशा फरकाने मिळत होती. बेरीज करूनच बटण दाबायचं. मूळ गेम आधीच घेतलेला असेल तर स्टीमवरचं संच पूर्ण करण्याचं बंडल शोधा. आपल्याकडे जे आहे ते वजा करून उरलेल्यावर बंडलची सवलत लागते. कित्येकदा एक डीएलसी सुट्टा घेण्यापेक्षा बंडलमधून स्वस्त पडतो.

धुळीतली_डिस्क

तुम्ही घेण्याबद्दल लिहिलंत, मी सांभाळण्याबद्दल लिहितो. माझ्या मते लायब्ररी या शब्दाचा अर्थ तिथेच ठरतो.

बहुतेक दुकानांत आपण गेम विकत घेत नाही, तो खेळण्याचा परवाना घेतो. हे बारीक अक्षरात पहिल्यापासून लिहिलेलं होतं. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये त्याबद्दल कायदा झाला, १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे, आणि स्टीमने त्याआधीच पैसे भरण्याच्या पानावर तसं स्पष्ट लिहायला सुरुवात केली. म्हणून माझी पहिली पसंती गॉगला. २००८ मध्ये जुन्या गेम्सचं दुकान म्हणून ते सुरू झालं. तिथल्या गेम्सना डीआरएमचं, म्हणजे नक्कल रोखणारं, कुलूप नसतं आणि पूर्ण इन्स्टॉलर उतरवून आपल्याजवळ ठेवता येतो.

पण 'ठेवता येतो' आणि 'ठेवलाय' यात फार अंतर आहे. माझ्याकडे दोन टेराबाइटची बाहेरची हार्ड डिस्क आहे. तिच्यात प्रत्येक गेमचा वेगळा फोल्डर. विचर ३ चा फोल्डर उघडला की वर एक छोटी ईएक्सई फाइल आणि तिच्याखाली बिन फाइल्सची रांग, एकेक जवळपास चार जीबीची. मला वाटायचं झालं काम. एका रविवारी जुना लॅपटॉप काढला, वायफाय बंद केलं आणि एकेक गेम त्या डिस्कवरून बसवून बघायला लागलो. चौथ्या गेमला पट्टी ६० टक्क्यांच्या पुढे गेली आणि थांबली. पुढची बिन फाइल मागत होता. फोल्डरमध्ये पाहिलं तर मधला एक आकडा गायब. उतरवताना नेट गेलं असणार आणि मी न मोजताच फोल्डर बंद केला असणार. त्या दिवशी सतरा गेम तपासले, दोन अपुरे निघाले. दुकान चालू आहे तोवर ती फाइल परत उतरवता येते. दुकान चालू नसेल त्या दिवसासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. तेव्हा उतरवल्यावर फाइल्स मोजा आणि एकदा तरी नेट बंद करून बसवून बघा.

गेम दुकानातून काढले जातात तेही लक्षात असू द्या. ॲलन वेक मे २०१७ मध्ये विक्रीतून काढला, कारण त्यातल्या गाण्यांचे परवाने संपत होते. जाण्याआधी ९० टक्के सवलत होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये परवाने नव्याने करून तो परत आला. स्पेक ऑप्स: द लाइन जानेवारी २०२४ मध्ये असाच गेला. आधी घेतलेल्यांना दोन्ही गेम नंतरही उतरवता येत होते. मोटारींच्या गेम्समध्ये हे फार होतं, कारण गाड्यांचे आणि संगीताचे परवाने मुदतीचे असतात. फोर्झा होरायझन ४ डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून गेला. असा जाण्याआधीचा सेल दिसला की मात्र थांबू नका, लगेच घ्या. तिथे घड्याळ खरं असतं.

संथवाट

धुळीतली_डिस्क, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री माझी डिस्क काढली. नऊ गेम तपासले, सगळे नीट बसले. उरलेले शनिवारी.

एक शंका. स्टीमवर आधीच असलेला गेम तुम्ही गॉगवर पुन्हा घेता का?

धुळीतली_डिस्क

सगळे नाही. ज्यांच्याकडे दहा वर्षांनी परत यावंसं वाटेल तेवढेच, आणि तेही तळाच्या किमतीला. स्टीमवरचेही काही गेम प्रत्यक्षात कुलुपाशिवाय असतात, फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला तरी चालतात. पीसीगेमिंगविकीवर प्रत्येक गेमच्या पानावर ते लिहिलेलं असतं. सेव्ह फाइल कुठे पडते हेही तिथेच मिळतं. सेव्हचीही प्रत ठेवा. गेम परत घेता येतो, ऐंशी तासांचा सेव्ह परत मिळत नाही.

गॉगची दुसरी बाजूही सांगतो. काही गेम्सचे पॅच तिथे उशिरा येतात आणि स्टीमच्या वर्कशॉपमधले मॉड (खेळाडूंनी केलेले बदल आणि भर) तिथे नाहीत. ज्या गेमचा अर्धा जीव मॉडमध्ये आहे तो मी स्टीमवरच घेतो.

पहिली_पातळी

नमस्कार मंडळी. लहानपणी शेजारच्या दादाच्या कॉम्प्युटरवर खेळायचे, मग कैक वर्षं काहीच नाही. आता परत सुरुवात करायचीय. लॅपटॉप साधा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आठ जीबी रॅम. रोज फार तर तासभर मिळतो. गोळीबार नको. कोडी, डावपेच, गोष्ट असलेलं काही चालेल. सुरुवात कुठून करू? आणि पहिल्याच दिवशी पैसे घालावेत का?

घुबड

पहिली_पातळी ताई, स्वागत. तुमच्या लॅपटॉपवर चालणारे गेम आयुष्यभर पुरतील इतके आहेत, त्यामुळे मशीनची काळजी सोडा. फक्त विंडोज फार जुनं नाही ना ते बघा. विंडोज ७ आणि ८ वर १ जानेवारी २०२४ पासून स्टीमचा आधार नाही.

पहिल्या दिवशी पैसे घालू नका. आधी हे फुकटातले: बॅटल फॉर वेस्नॉथ, षटकोनी घरांवरचा डावपेच. ओपनटीटीडी, रेल्वे आणि मालवाहतुकीचं जाळं विणायचं. केव्ह स्टोरी, २००४ साली एकट्या माणसाने बनवलेला, पण त्यात गोळ्या आहेत. आणि बिनीथ अ स्टील स्काय, जुना गोष्टीचा गेम, गॉगवर मोफत आहे. यातलं काय आवडतं त्यावरून तुमची चव तुम्हालाच कळेल. विशलिस्ट तिथून सुरू करा.

पुढे सेलमध्ये घ्यायचे झाले तर पहिलं नाव रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. २०१८ चा, जवळपास सगळा एकट्या लुकस पोपने केलेला. १८०७ साल, बेपत्ता झालेलं जहाज परत आलंय, वर एकही जिवंत माणूस नाही. तुम्ही विम्याच्या तपासनीस. हातात एक घड्याळ, मृतदेहापाशी ते उघडलं की त्या माणसाचा शेवटचा क्षण गोठलेला दिसतो, तुम्ही त्यातून फिरू शकता. साठ माणसं. प्रत्येकाचं नाव आणि तो कसा गेला हे तुम्ही वहीत भरायचं. गेम तुम्हाला मध्ये काहीच सांगत नाही. तीन नोंदी अचूक झाल्या की मगच त्या पक्क्या करतो. त्यामुळे अंदाजाने ठोकून चालत नाही. कुणाच्या पायात कुठले मोजे आहेत, कोण कुठल्या भाषेत ओरडला, कुणाची झोळी कुठल्या आकड्याखाली टांगलीय, इतकं बारीक बघावं लागतं. मी तो एकदाच खेळलोय आणि दुसऱ्यांदा तसा खेळता येणार नाही याचं मला आजही वाईट वाटतं. त्याबद्दल आधी काहीही वाचू नका.

डावपेचासाठी इन्टू द ब्रीच. आठ बाय आठचा पट, तुमची तीन यंत्रं, आणि शत्रू पुढच्या चालीत नेमका कुठे मारणार हे आधीच पटावर दाखवलेलं. नशिबाला जवळपास जागाच नाही. शत्रूला मारण्यापेक्षा त्याला एक घर ढकलून त्याचा वार त्याच्याच सोबत्यावर पाडायचा. एक डाव तासाभरात संपू शकतो.

जुन्यांपैकी हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३, १९९९ चा. इथे एक खाचखळगा आहे. स्टीमवर त्याची २०१५ ची एचडी आवृत्ती आहे, तिच्यात दोन्ही विस्तार नाहीत. गॉगवरच्या कम्प्लीट आवृत्तीत सगळं आहे आणि लोकांनी केलेला हॉर्न ऑफ द ॲबिस हा मोठा मॉडही तिच्यावरच बसतो. नाव एकच, वस्तू दोन.

दगडी_पाटी

धाग्यात सगळ्यांनी थांबण्याबद्दल लिहिलंय, म्हणून वेगळा सूर लावतो. रागावू नका.

आम्ही दोघं मिळून छोटे गेम बनवतो. आमच्यासारख्यांसाठी पहिला आठवडा म्हणजे सगळं काही असतं. दुकान किमतीतून आपला वाटा कापतं, स्टीमवर तो ३० टक्क्यांपासून सुरू होतो, एपिकवर १२ टक्के होता, आणि उरलेल्यातून सवलत, कर, रिफंड वजा जातं. ७५ टक्के सवलतीतल्या विक्रीतून जे हाती येतं त्यावर पुढचा गेम उभा राहत नाही.

मोठ्या प्रकाशकाच्या गेमसाठी खुशाल दोन वर्षं थांबा. तो तोवर पॅच होऊन चांगलाच होतो. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा कसा होता आणि सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर कसा झाला, ते सगळ्यांना माहीत आहे. पण दोन-तीन माणसांनी केलेला गेम तुम्हाला मनापासून हवा असेल आणि परवडत असेल, तर वर्षातून एक-दोन वेळा तरी पहिल्या आठवड्यात घ्या.

घ्यायचा नसेल तरी दोन गोष्टी करता येतात. विशलिस्टमध्ये टाका, कारण प्रकाशनाच्या दिवशी त्या सगळ्यांना मेल जाते. आणि खेळल्यावर चार ओळींचं परीक्षण लिहा. स्टीमवर दहा परीक्षणं झाल्याशिवाय गेमसमोर 'सकारात्मक' वगैरे शेरा दिसतच नाही. आमच्या पहिल्या गेमला नऊवर तीन आठवडे झाले होते. रोज सकाळी उठून तो आकडा बघायचो. दहावं परीक्षण कुणा अनोळखी माणसाने लिहिलं, दीडच ओळ होती. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

संथवाट

दगडी_पाटी, रागवायचं काय त्यात? पूर्ण पटलं. माझ्या ६१ गेम्सपैकी किती गेम्सना मी परीक्षण लिहिलं ते आत्ता पाहिलं. दोन. या आठवड्यात छोट्या टीमचे जेवढे आहेत तेवढ्यांना लिहितो.

आणि पद्धतीत एक बदल करतोय. तीस गेमच्या विशलिस्टमध्ये छोट्या लोकांचे गेम वेगळे काढतो. त्यांना आकड्याचा गजर लावायचा नाही.

बंदखिडकी

सेलच्या धाग्यात हे सांगायलाच हवं, म्हणून लिहिते. चार वर्षांपूर्वी एका की विकणाऱ्या साइटवरून एक मोठा गेम घेतला होता. नाव घेत नाही. कुठल्याही सेलपेक्षा स्वस्त. की चालली, गेम लायब्ररीत आला, मी चाळीसेक तास खेळले. आठ महिन्यांनी एके दिवशी उघडायला गेले तर लायब्ररीत नाही. चौकशी केल्यावर कळलं की ती की रद्द झालीय. विकणाऱ्याचं खातं तोवर बंद. पैसे गेले ते गेलेच, पण गोष्टीचा शेवटचा भाग मी आजपर्यंत पाहिलेला नाही. परत विकत घ्यायचं मनच झालं नाही.

टाचण

बंदखिडकी, वाचून वाईट वाटलं. हे कसं होतं तेही सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांना ओळखता येईल. कुणीतरी चोरीच्या कार्डाने खऱ्या दुकानातून कीज घेतं आणि बाजारात विकतं. कार्डाचा मालक तक्रार करतो, बँक पैसे परत फिरवते, बनवणारा ती की रद्द करतो. फॅक्टोरिओवाल्यांनी त्यांच्या रद्द केलेल्या कीजचा माग काढायला लावला होता. २०२० मध्ये जी२ए या बाजाराने मान्य केलं की त्यातल्या १९८ आपल्याकडून विकल्या गेल्या, आणि भरपाई दिली.

इझ देअर एनी डील फक्त अधिकृत दुकानं दाखवतं. जीजी डॉट डील्सवर दोन्ही प्रकार दिसतात पण वेगवेगळ्या रकान्यांत. अधिकृत रकान्यातच राहा. हंबल, फनॅटिकल ही दुकानं स्टीमच्याच कीज विकतात पण त्या थेट प्रकाशकाकडून आलेल्या असतात. फक्त लक्षात ठेवा, बाहेरून घेतलेल्या कीला स्टीमचा रिफंड लागू नाही. तिथे त्या त्या दुकानाचा नियम.

मायलेक

आमच्या घरी एक लायब्ररी तिघांत चालते. स्टीम फॅमिलीज सप्टेंबर २०२४ पासून सगळ्यांसाठी खुलं झालं, एका घरातले सहा जण जोडता येतात. पूर्वीच्या पद्धतीत मी काहीही खेळायला बसले की माझी सगळी लायब्ररी लेकीला बंद व्हायची. आता मी एक गेम, ती दुसरा, एकाच वेळी चालतं. तोच गेम दोघींना एकदम हवा असेल तर मात्र दोन प्रती लागतात.

जोडण्याआधी विचार करा, कारण बाहेर पडलं की नवीन कुटुंबात जायला वर्षभर थांबावं लागतं. आणि तुमच्या प्रतीवर दुसऱ्याने लबाडी केली आणि बंदी आली तर ती तुमच्यावरही येते. सगळे गेम यात चालत नाहीत, गेमच्या पानावर लिहिलेलं असतं.

सेलच्या आधी आम्ही तिघी आपापल्या विशलिस्ट शेजारी ठेवतो. दोघींच्या यादीत असलेला गेम आधी. गेल्या सेलमध्ये असा एकच निघाला, स्टारड्यू व्हॅली. एका माणसाने केलेला, २०१६ चा, आणि मार्च २०२४ मध्ये त्याला आणखी एक मोठा अपडेट फुकट आला. लेकीने दोन वर्षांची शेती केलीय, माझा अजून पहिला हिवाळा चाललाय.

गुरुवारचा_गडी

एपिकवर दर गुरुवारी काहीतरी फुकट असतं. डिसेंबर २०१८ मध्ये दुकान उघडलं तेव्हा दर दोन आठवड्यांनी असायचं, २०१९ पासून दर आठवड्याला झालं. मी सगळं उचलत नाही. संथवाट यांच्या यादीतल्यासारखे पडून राहतात. विशलिस्टमधला असेल तरच. अशा रीतीने दोन वर्षांत सात मिळाले, सातही खेळलो.

चार ठिकाणी विखुरलेलं एकत्र बघायला प्लेनाइट वापरतो. मोफत आहे, सगळी दुकानं एका खिडकीत दिसतात. एकच गेम दोनदा घेण्याचं त्यामुळे थांबलं.

अंधारगल्ली

घेण्याआधी आणखी एक बघा. हा गेम नेट नसताना चालतो का?

द क्रू नावाचा मोटारींचा गेम होता, २०१४ चा. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि गेम संपला. पैसे मोजून घेतलेल्यांना तो सुरूही करता येईना. माझा भाऊ आणि मी त्यात रात्री-रात्री नुसते गाडी चालवत फिरायचो, शर्यत नाही, काही नाही. एका टोकाच्या किनाऱ्यावरून दुसऱ्या टोकाला जायचं आणि वाटेत गप्पा. शेवटच्या आठवड्यात आम्ही ती फेरी परत केली. पर्वत उतरून समुद्र दिसायला लागला तेव्हा दोघंही गप्प होतो. आता ते ठिकाणच नाही.

त्यावरूनच रॉस स्कॉट यांनी स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम सुरू केली. २०२५ मध्ये युरोपियन युनियनमधल्या मोहिमेच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे, बंद करायचं तर करा, पण विकलेला गेम चालू शकेल अशा अवस्थेत ठेवून जा.

सतत नेट लागणाऱ्या गेमवर ९० टक्के सवलत दिसली तर आधी तो किती जुना आहे आणि किती लोक खेळतायत ते स्टीमडीबीवर बघा. काही महिन्यांसाठी घेतोय हे माहीत असून घेतला तर हरकत नाही.

धुळीतली_डिस्क

अंधारगल्ली, शेवटची फेरी वाचून गलबलून आलं. या गेमची माझ्या डिस्कवर प्रत असून तरी काय उपयोग झाला असता?

खात्याबद्दल दोन वाक्यं, कुणी लिहिलं नाही म्हणून. स्टीम गार्ड (लॉगिनला पासवर्डसोबत आणखी एक कोड मागणारी सोय) चालू ठेवा आणि ज्या मेलवर खातं आहे तिचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. लायब्ररीचं दार ती मेल आहे.

पहिली_पातळी

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे वेस्नॉथ खेळले, दोन मोहिमा पूर्ण केल्या. मग घुबड दादांनी सांगितलेला ओब्रा डिन थोड्या सवलतीत दिसला. आलेख पाहिला, तळ अजून खाली होता, पण मला हवा होता म्हणून घेतला. गॉगवर, इन्स्टॉलर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवला, नेट बंद करून बसवूनही पाहिला.

काल रात्री पहिली तीन नावं बसली. दोन तर मला खात्रीने माहीत होती. तिसऱ्यासाठी मी एकाच क्षणात पाच वेळा परत गेले आणि शेवटी त्याच्या हातातल्या वस्तूवरून कळलं. वहीचं पान उलटलं, ती नावं छापील अक्षरांत उमटली आणि मी खुर्चीतून उठून उभीच राहिले.

एक विचारायचं होतं. या गेमची सेव्ह फाइल गॉगच्या प्रतीत कुठे असते? एवढं केलेलं जायला नको.

घुबड

पीसीगेमिंगविकीवर गेमचं पान उघडा, 'सेव्ह गेम डेटा लोकेशन' असं शीर्षक आहे, त्याखालचा पत्ता कॉपी करून विंडोजच्या फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत टाका. तो फोल्डर आख्खा उचलून पेनड्राइव्हवर इन्स्टॉलरशेजारी ठेवा. आणि त्या पानावर बाकी काही वाचू नका, अजून सत्तावन्न माणसं बाकी आहेत.